‘अवरफॅमिलीविझार्ड’ : दोन घरांत वाढणाऱ्या मुलासाठी आईवडिलांचा पत्रव्यवहार

घटस्फोटित किंवा विभक्त आईवडिलांना मुलांविषयीचा सगळा व्यवहार एका ठिकाणी ठेवता यावा, म्हणून तयार झालेल्या साधनांपैकी ‘अवरफॅमिलीविझार्ड’ हे सर्वांत जुन्या साधनांपैकी एक आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात २००१ साली ते संकेतस्थळाच्या रूपात सुरू झाले, पुढे त्याचे मोबाईल ॲप आले, आणि आता अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांत न्यायाधीश, वकील व मध्यस्थ आईवडिलांना ते वापरायला सांगतात. मी न्यू जर्सीत राहते. आमचा मुलगा दहा वर्षांचा आहे. तो मुख्यतः माझ्याकडे असतो आणि त्याचे वडील जवळच्याच गावात राहतात. आमच्या तडजोडीच्या करारात मुलाविषयीचा लेखी संवाद याच ॲपवर होईल असे कलम दोघांच्या संमतीने घातले गेले. तेव्हापासून मी ते वापरत आहे आणि इथल्या अनेक मराठी कुटुंबांना त्याची गरज पडते हे पाहत आहे, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे.

पहिला प्रश्न सगळेच विचारतात, की व्हॉट्सॲप असताना वेगळ्या ॲपसाठी पैसे का मोजायचे. व्हॉट्सॲपवरच्या त्याच खिडकीत लग्नाच्या दिवसांतले फोटो असतात, भांडणांचे अवशेष असतात, आणि त्यातच कुठेतरी ‘शनिवारी चार वाजता पोहण्याच्या तलावावरून घे’ हा निरोप बुडालेला असतो. पाठवलेला निरोप तिथे दोघांच्याही फोनवरून काढून टाकता येतो, पंधरा मिनिटांच्या आत बदलताही येतो, आणि समोरचा ‘ऑनलाइन’ दिसत असताना उत्तर का देत नाही या विचारात माणूस रात्र काढतो. ‘अवरफॅमिलीविझार्ड’मध्ये प्रत्येक निरोपाला ईमेलसारखा विषय द्यावा लागतो, निरोप केव्हा पाठवला आणि समोरच्याने तो प्रथम केव्हा उघडला याची तारीख-वेळ नोंदली जाते, आणि एकदा पाठवलेले शब्द मागे घेता किंवा बदलता येत नाहीत. दाताच्या डॉक्टरांची भेट एका विषयाखाली, उन्हाळी शिबिर दुसऱ्या विषयाखाली. एवढ्या साध्या विभागणीनेसुद्धा एका गोष्टीवरचा राग दुसऱ्या गोष्टीत सांडण्याचे प्रमाण खूप कमी होते, हा माझा ठाम अनुभव आहे.

‘प्रथम उघडले’ ही नोंद मात्र दुधारी आहे. ‘मला निरोप मिळालाच नाही’ हा वाद तिने मुळातून संपतो, आणि ज्या घरांत हा वाद रोजचा होता त्यांच्यासाठी एवढे एकच कारण ॲप घ्यायला पुरेसे आहे. परंतु तीच नोंद सारखी उघडून बघण्याची सवय लागली, तर ती पाळत होते. आम्ही कराराबाहेर, आपसांत ठरवलेला नियम असा आहे: साध्या निरोपाला दोन दिवसांत उत्तर द्यायचे, तातडीचे असेल तर फोन करायचा, आणि उघडल्याच्या वेळेवरून एकमेकांना काहीही विचारायचे नाही. ॲप घेणाऱ्यांनी असा नियम पहिल्या आठवड्यातच लिहून ठेवावा. तो नसेल तर नोंदी वाढतात, पण विश्वास वाढत नाही.

आता ‘टोनमीटर’कडे वळते, कारण जाहिरातीत त्याच्यावर सर्वांत जास्त भर असतो. निरोप लिहीत असताना त्यातले रागाचे, अपमानाचे किंवा धमकीवजा वाटू शकणारे शब्दप्रयोग हे साधन दाखवून देते आणि पाठवण्याआधी फेरविचार करायला लावते. पाठवायचे की नाही हे मात्र लिहिणाऱ्याच्याच हाती राहते. उपयोग निश्चित आहे: रात्री अकरा वाजता लिहिलेल्या चार ओळींना कोणीतरी हात लावून थांबवणे ही लहान गोष्ट नाही. परंतु आपल्या घरांतला राग क्वचितच उघड शिवीच्या रूपात येतो. तो टोमण्याच्या रूपात येतो. ‘या वेळी तरी वेळेवर आलास, आभारी आहे’ या वाक्यात एकही वाईट शब्द नाही, आणि तरी दिवसभर सलत राहील एवढे त्यात सगळे आहे. असा टोमणा ओळखण्याचे काम साधनावर सोपवू नये. न्यू जर्सीत मुले असलेल्या घटस्फोटार्थींना पालकत्वाविषयीचा जो वर्ग करावा लागतो तिथे, आणि समुपदेशकांकडेही, जी पद्धत वारंवार सांगितली जाते ती इथे अधिक कामाची आहे: निरोप थोडक्यात असावा, माहितीपुरता असावा, सौजन्याचा असावा आणि ठाम असावा.

ही पद्धत प्रत्यक्षात कशी दिसते याचे एक उदाहरण देते. शिक्षकांशी भेटीची वेळ कळवायची आहे. मनात येणारे पहिले वाक्य बहुधा असे असते: ‘तुला त्याच्या शाळेची थोडी जरी पर्वा असती तर गेल्या वेळी आला असतास, या वेळी तरी ये.’ त्याऐवजी पाठवायचा निरोप असा: ‘गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता शिक्षकांशी भेट आहे. मी जाणार आहे. तुलाही यायचे असेल तर मंगळवार रात्रीपर्यंत कळव, म्हणजे शाळेला दोघांची नावे देता येतील. यायला जमणार नसेल तर शिक्षक काय म्हणाले ते मी शुक्रवारी लिहून पाठवीन.’ दुसऱ्या निरोपात तारीख आहे, निर्णय आहे, मुदत आहे आणि उत्तर ‘नाही’ आले तरी पुढे काय होईल तेही आहे. समोरच्याला स्वतःचा बचाव करण्याची गरज त्यात कुठेच पडत नाही. माझ्या मते या ॲपची खरी किंमत इथे आहे. आपण लिहिलेले उद्या एखादा तिसरा, आपल्याला न ओळखणारा माणूस वाचू शकतो, ही जाणीव लिहिणाऱ्याला आपोआप दुसऱ्या प्रकारच्या वाक्याकडे नेते.

कॅलेंडर हा ॲपचा दुसरा आधारस्तंभ आहे आणि तो उत्तम बनवलेला आहे. एकाआड एक शनिवार-रविवार आणि मधला बुधवार, किंवा दोन-दोन-तीन दिवसांची फिरती विभागणी, असे कोणतेही वेळापत्रक एकदा भरले की पुढच्या महिन्यांवर ते रंगांनी उमटते. दिवसांची अदलाबदल हवी असेल तर रीतसर विनंती पाठवता येते. समोरचा ती मान्य करतो किंवा नाकारतो, आणि मान्य केल्यावर कॅलेंडर आपोआप बदलते. ‘तू हो म्हणाला होतास’, ‘मी फक्त बघतो म्हणालो होतो’ ही जुनी ओढाताण त्यामुळे बंद होते. शिवाय विनंती ठराविक नमुन्यात जात असल्याने ती उपकार मागितल्यासारखी वाटत नाही, आणि ज्याला ‘नाही’ म्हणायचे आहे त्यालाही शांतपणे नाही म्हणता येते.

मराठी कुटुंबांनी मात्र या कॅलेंडरवर थोडी जास्त मेहनत घ्यावी. इथल्या पालकत्वाच्या करारांत थँक्सगिव्हिंग सम वर्षी एकाकडे आणि विषम वर्षी दुसऱ्याकडे, नाताळची सुटी निम्मी-निम्मी, असे मजकूर ठरलेले असतात. गणपती आणि दिवाळी त्यात आपण आग्रहाने घालून घ्यावे लागतात. आपले सण इंग्रजी तारखेने येत नाहीत. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला आहे. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला झाले आणि २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला येईल. एकदा नोंद केली आणि दर वर्षी आपोआप उमटली, असे इथे होत नाही. त्यात तिथी स्थानिक वेळेवर ठरत असल्याने पुण्याचे पंचांग आणि इथल्या मंदिराची पत्रिका यांत कधीकधी एका दिवसाचा फरक पडतो. आम्ही करारात ‘लक्ष्मीपूजनाचा दिवस’ एवढेच न लिहिता तो दिवस इथल्या मंदिराच्या पत्रिकेप्रमाणे धरायचा असे लिहून घेतले, आणि जानेवारीतच पूर्ण वर्षाचे सण कॅलेंडरमध्ये भरतो. मुलाला फराळ दोन्ही घरी मिळतो, पण अभ्यंगस्नान कोणत्या घरी याचा वाद त्या पहाटे होत नाही.

सर्वांत जास्त लिहायचे आहे ते भारताच्या प्रवासाविषयी, कारण परदेशातल्या मराठी आईवडिलांच्या संवादाची खरी परीक्षा तिथेच होते. मुलांना एका देशातून दुसऱ्या देशात बेकायदा नेण्यासंबंधी १९८० साली हेग येथे झालेल्या करारात अमेरिका सहभागी आहे, भारत सहभागी नाही. त्यामुळे मुलाला आजी-आजोबांना भेटायला पुण्याला घेऊन जातो असे एकाने म्हटले, की दुसऱ्याच्या मनात तो किंवा ती मुलाला घेऊन परतलीच नाही तर काय, हा प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न मनात येणे म्हणजे समोरच्याचा अपमान नव्हे. कायद्याच्या रचनेतून तो येतो. यशिता साहू यांच्या खटल्यात २० जानेवारी २०२० रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, त्यातली हकिकत हीच होती: व्हर्जिनिया राज्यातील न्यायालयाचा आदेश असताना मुलीला भारतात आणले गेले होते, आणि तिला अमेरिकेत परत नेण्याचा आदेश झाला. त्याच निकालात न्यायालयाने म्हटले, की मुलाला आई आणि वडील दोघांच्याही सहवासाची गरज असते, आणि ज्याच्याकडे मुलाचा ताबा नाही त्याला दररोज पाच ते दहा मिनिटे तरी मुलाशी बोलता आले पाहिजे. फोनवरचा असा संपर्क हा मुलाचाही हक्क आहे ही समज ज्या आईवडिलांना असते, त्यांना पुढचे सगळे सोपे जाते.

आमच्याकडे या प्रवासाची पद्धत अशी बसली आहे. जो मुलाला नेणार आहे त्याने तिकीट काढण्याआधी कॅलेंडरमध्ये प्रस्तावित तारखा टाकायच्या आणि तिकीट काढल्यावर एकाच विषयाखाली एक निरोप लिहायचा. त्यात जाण्यायेण्याच्या विमानांचे क्रमांक, परतीच्या तिकिटाची प्रत, पुण्यात आणि गावी ज्या घरांत मुलगा राहील त्यांचे पत्ते, तिथल्या मोठ्या माणसांचे फोन, आणि मुलाने दुसऱ्या पालकाशी बोलायची वेळ. उन्हाळ्यात भारत न्यू जर्सीच्या साडेनऊ तास पुढे असतो आणि हिवाळ्यात साडेदहा तास, म्हणून वेळ दोन्ही घड्याळांप्रमाणे लिहायची: इथले सकाळचे साडेआठ, पुण्याचे संध्याकाळचे सहा. गेल्या उन्हाळ्यात मुलाचे वडील त्याला घेऊन गेले तेव्हा त्यांनी एक वाक्य आपणहून जोडले होते, की गावी एक दिवस फोनला रेंज नसेल, त्या दिवशी फोन आला नाही तर काळजी करू नये, दुसऱ्या दिवशी दोनदा बोलणे करून देतो. ज्या दिवशी फोन आला नाही त्या दिवशी मी तो निरोप उघडून वाचला आणि निश्चिंतपणे कामाला लागले. आधी दिलेल्या एका वाक्याने किती मोठी भीती निवते हे मला त्या दिवशी कळले. हे श्रेय ॲपचे नाही, त्यांचे आहे. पण ते वाक्य कुठे सापडेल हे मला ठाऊक होते, हे श्रेय ॲपचे.

याच कामासाठी ॲपमधला माहितीसंग्रह फार उपयोगी पडतो. मुलाची लसीकरणाची नोंद, विम्याचे कार्ड, ॲलर्जी, डॉक्टरांचे पत्ते, कपड्यांची आणि बुटांची मापे असे सगळे दोघांना दिसेल अशा ठिकाणी ठेवता येते. अमेरिकेत सोळा वर्षांखालील मुलाच्या पासपोर्टला दोन्ही पालकांची संमती लागते. एक जण प्रत्यक्ष येऊ शकत नसेल तर डीएस-३०५३ हा अर्ज नोटरीसमोर सही करून द्यावा लागतो, आणि हा पासपोर्ट पाचच वर्षे चालतो. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाच्या अर्जावरही आईवडील दोघांच्या सह्या लागतात. या कागदांच्या प्रती आणि मुदतीच्या तारखा संग्रहात असल्या, की ऐन प्रवासाच्या तोंडावर एकाने सही अडवून धरली असे आरोप होण्याची वेळच येत नाही. मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी कॅलेंडरमध्ये आठवण लावून ठेवावी.

खर्चाच्या नोंदींविषयी थोडक्यात सांगते. करारात ठरलेले प्रमाण एकदा भरले, की पावतीचा फोटो जोडून खर्च नोंदवता येतो; समोरचा तो मान्य करतो किंवा कारण देऊन नाकारतो, आणि कोणाकडून किती येणे आहे हे दिसते. मराठी शाळेचे शुल्क, पोहण्याचा वर्ग, दातांची तार असे आमचे सगळे खर्च तिथेच नोंदवले जातात. मुलाला एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत बसवताना त्याच्यासमोर पैशांचा विषय कधीच काढावा लागत नाही, आणि माझ्या दृष्टीने हा या सोयीचा सर्वांत मोठा लाभ आहे. वर्गात नाव घालण्याआधी कळवायचे की नंतर, हे मात्र करारात स्पष्ट नसेल तर ॲप ते ठरवून देणार नाही.

ॲपमध्ये स्वतःपुरत्या टिपणांची दैनंदिनी आहे, आणि मुलांसाठी वेगळी खाती उघडण्याची सोयही आहे. दैनंदिनी वापरताना संयम ठेवावा. तिथे रोज समोरच्याच्या चुका लिहीत बसणाऱ्याचे मन दुसऱ्या दिवशी निरोप लिहिताना स्वच्छ राहत नाही. मुलाचे खाते आम्ही उघडलेले नाही. त्याला कॅलेंडर दिसावे म्हणून मी त्याच्या खोलीत महिन्याचा कागद लावते, त्याच्या वडिलांच्या घरीही तोच कागद असतो. आईवडिलांमधला कोणताही निरोप मुलाच्या तोंडून जाऊ नये, ‘बाबांना सांग’ आणि ‘आईला विचार’ ही वाक्ये दोन्ही घरांतून कायमची गेली पाहिजेत, असे मला अगदी मनापासून वाटते.

हे ॲप काय करू शकत नाही हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. मुलगा रात्री दचकून उठतो, वडिलांकडे जायच्या आदल्या दिवशी गप्प राहतो, शाळेत कोणी त्याला घरावरून बोलले, अशा गोष्टी विषय घालून लिहायच्या नसतात. लिहिताना त्या आरोपासारख्या वाटतात, आणि वाचणारा वडील किंवा आई आधी स्वतःला सावरण्यात गुंतते. मुलाचा विचार मागे पडतो. अशा वेळी आम्ही फोनवर बोलतो, मराठीत बोलतो, मुलगा झोपल्यावर बोलतो, आणि बोलणे झाल्यावर जे ठरले तेवढेच दोन ओळींत ॲपवर इंग्रजीत लिहून ठेवतो: या महिन्यात झोपण्याची वेळ दोन्ही घरी साडेआठ, शाळेच्या समुपदेशकांशी मी सोमवारी बोलेन, तू बुधवारी त्याला स्वतः आणायला जा. बोलणे फोनवर आणि ठराव कागदावर ही वाटणी जमली, तर ॲपचा पुरेपूर उपयोग होतो. फोन पूर्ण बंद करून सगळेच ॲपवर आणले तर मुलाविषयीची माया असलेली वाक्येसुद्धा अर्जासारखी दिसू लागतात.

किमतीविषयी. वर्गणी वार्षिक आहे आणि प्रत्येक पालकाला आपली वेगळी भरावी लागते. निवडलेल्या योजनेप्रमाणे ती माणशी वर्षाला शंभर डॉलरच्या पुढे जाते. उत्पन्न कमी असलेल्यांसाठी शुल्कमाफीची तरतूद आहे, तिची चौकशी अवश्य करावी. दोघांपैकी एकच जण वापरत असेल तर निरोप आणि अदलाबदल यांना काही अर्थ राहत नाही, म्हणून ॲपचे नाव, उत्तराची मुदत आणि वर्गणी कोण भरणार हे तिन्ही करारातच लिहून घ्यावे. वकील किंवा मध्यस्थ यांना त्यांच्या खात्यातून नोंदी पाहण्याची परवानगी देता येते, आणि निरोपांची पीडीएफ प्रतही काढता येते. वर्गणी बंद करण्याआधी ती काढून ठेवावी. ‘टॉकिंगपेरेंट्स’ हे याच प्रकारचे दुसरे ॲप आहे, आणि ज्यांना फोनवरच्या बोलण्याचीही नोंद हवी आहे त्यांनी त्याची तुलना करून पाहावी.

जिथे मारहाण, धमक्या किंवा सततची दहशत होती, तिथे सौजन्याने निरोप लिहिण्याचा सल्ला पुरेसा नाही आणि न्याय्यही नाही. समोरासमोर न येता लेखी नोंद राहते एवढा या ॲपचा उपयोग तिथे आहे, परंतु आधी वकील गाठावा, संरक्षणाच्या आदेशात संपर्काविषयी काय म्हटले आहे ते पाहावे. न्यू जर्सीत ‘मानवी’ ही संस्था १९८५ पासून अशा छळातून जाणाऱ्या दक्षिण आशियाई स्त्रियांना मदत करत आली आहे, आणि तिथे आपली परिस्थिती पहिल्यापासून समजावून सांगत बसावे लागत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे ॲप घ्यावे असे मी सुचवणार नाही. डॉलरमधली वर्गणी आणि इंग्रजीतला सगळा व्यवहार यांमुळे ते तिथे सोयीचे नाही. १९८४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कौटुंबिक न्यायालयांत समुपदेशक असतात. मुलाच्या भेटींचे वेळापत्रक ठरत असतानाच त्यांच्यासमोर संवादाची पद्धतही लिहून घेता येते. फक्त मुलासाठी उघडलेला एक वेगळा ईमेल पत्ता, प्रत्येक निरोपाला एकच विषय, दोघांना दिसणारे एक गुगल कॅलेंडर आणि खर्चाची एक सामाईक तालिका एवढ्यावर या ॲपमधल्या बहुतेक गोष्टी विनामूल्य साधतात. परदेशात, मुलाचा भारताचा प्रवास दर वर्षी ठरवावा लागणाऱ्या आईवडिलांनी मात्र ते पहिल्या वर्षासाठी नक्की घ्यावे, आणि वर्ष संपताना पुढची वर्गणी भरायची की नाही हे दोघांनी मिळून ठरवावे.